‘लक्ष कोण देतं?’ : परिवीक्षा अहवालाचे एक वाचन

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. डोंबिवली पूर्वेला आमच्या मागच्या चाळीत राहणाऱ्या एक बाई रविवारी सकाळी घरी आल्या. त्या मुलुंडला तीन घरी स्वयंपाक करायच्या. पहाटेची लोकल पकडून जायच्या, परतायला रात्रीचे आठ वाजायचे. नवरा नव्हता. सतरा वर्षांचा मुलगा मोबाइल चोरीच्या प्रकरणात सापडला होता आणि त्याच्या चौकशीसाठी एक अधिकारी आदल्या आठवड्यात घरी येऊन गेले होते. नीट बोलले, चहा नको म्हणाले, पंधरा-वीस मिनिटे बसले. बाईंची काही तक्रार नव्हती. त्यांना एकच विचारायचे होते.

“दादा, साहेबांनी विचारलं, मुलाकडे लक्ष कोण देतं? मी म्हटलं, कोण देणार, मी तर दिवसभर कामाला. त्यांनी ते लिहून घेतलं. माझं बोलणं चुकलं का?”

मी वकील नाही. समाजकार्याचे शिक्षणही घेतलेले नाही. नोकरी सांभाळून राजपत्रे, नियमपुस्तिका आणि जुने निकाल वाचण्याची सवय लागली, तेवढेच माझे भांडवल. बाईंना मी धीर दिला, पण उत्तर देऊ शकलो नाही. मुलगा पुढे देखरेखीच्या अटीवर घरी आला. अहवालात आपले वाक्य कोणत्या रूपात गेले, हे त्यांना कधीच कळले नाही. असा अहवाल कायद्याने गोपनीय असतो.

त्या प्रश्नामुळे मी या अहवालाकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहू लागलो. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल हे मराठीत नित्य लिहिले जाणारे गद्य आहे. त्यात पात्रे असतात, घर असते, भूतकाळ असतो आणि शेवटी एक शिफारस असते. त्याचा वाचक बहुधा एकच, समोरच्या खुर्चीवरचा न्यायाधीश. आपल्या समीक्षेने बखरी वाचल्या, पत्रे वाचली, जाहिरातींची भाषाही तपासली. हे गद्य मात्र कोणी वाचलेले नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे, की या अहवालाचे बळ आणि त्याचा दोष, दोन्ही त्याच्या भाषेत आहेत. तो हकीकत सांगतो तेव्हा कायद्याचा हेतू साधतो. तो विशेषणांवर भागवतो तेव्हा कायद्याने उघडलेले दार आतून लोटून घेतले जाते.

शब्द आणि त्यांच्या मागचा कायदा

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. ‘प्रोबेशन’ला आपण परिवीक्षा म्हणतो. कार्यालयांच्या पाट्यांवर बहुधा ‘परिविक्षा’ असे ऱ्हस्व लिहिलेले असते. वीक्षा म्हणजे पाहणे. परिवीक्षा म्हणजे सर्व बाजूंनी पाहणे. ‘पॅरोल’ हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ ‘शब्द’, दिलेला शब्द. महाराष्ट्राच्या तुरुंगांतल्या मराठीत पॅरोलला ‘अभिवचन रजा’ आणि फर्लोला ‘संचित रजा’ म्हणतात. संचित म्हणजे आपल्याकडे पूर्वकर्माचा साठा. इथे तो चांगल्या वर्तणुकीचा साठा झाला आहे. प्रशासकीय मराठीत इतका नेमका शब्द क्वचितच सापडतो.

वृत्तपत्रांत हे सगळे एकाच टोपलीत पडते. वास्तविक परिवीक्षा तुरुंगाच्या दाराआधी येते: गुन्हा सिद्ध झाला, पण शिक्षा भोगायला न पाठवता अटींवर घरी सोडले. पॅरोल आणि फर्लो दाराच्या आत गेल्यानंतर येतात: शिक्षा चालू आहे, काही दिवसांसाठी बाहेर सोडले. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. माणूस कसा आहे, त्याचे घर कसे आहे, हे कोणीतरी जाऊन पाहतो आणि कागदावर लिहितो.

या प्रथेचा आरंभ एका बूट बनवणाऱ्यापासून सांगतात. १८४१ साली बोस्टनमध्ये जॉन ऑगस्टस या कारागिराने न्यायालयात उभ्या असलेल्या एका दारुड्याला स्वतः जामीन राहून सोडवले आणि काही आठवड्यांनी, दारू सोडलेल्या अवस्थेत, पुन्हा न्यायाधीशापुढे आणले. त्याच्याकडे पद नव्हते, नमुना नव्हता. त्याने माणूस पाहिला आणि आपल्या शब्दावर सोडवला. आपल्याकडे १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ५६२मध्ये या विचाराला जागा मिळाली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ साली, अपराधी परिवीक्षेचा स्वतंत्र कायदा झाला. देशभरासाठीचा अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८चा.

तो लहानसाच कायदा आहे. कलम ३प्रमाणे किरकोळ गुन्ह्यात समज देऊन सोडता येते. कलम ४प्रमाणे फाशी किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, सोडता येते. देखरेख लावायची तर ती किमान एक वर्षाची. कलम ५ फिर्यादीला भरपाई देववू शकते. कलम ६ सर्वांत महत्त्वाचे. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात आरोपी एकवीस वर्षांखालील असेल, तर न्यायालयाने त्याला तुरुंगात पाठवायचे नाही. पाठवायचेच असेल, तर आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, तो विचारात घ्यायचा आणि कारणे लिहायची. म्हणजे इथे घरी सोडणे हा नियम आहे आणि तुरुंग हा अपवाद. त्या दोहोंच्या मधे एक कागद ठेवलेला आहे.

तुरुंग दिसतो, घर दिसत नाही

हा कागद आपल्या नजरेआड का राहिला? माझ्या मते त्याचे एक कारण मराठी माणसाच्या मनातली तुरुंगाची प्रतिमा आहे.

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह हा मूळचा पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना इथे फाशी दिली गेली. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे इथेच फासावर गेले. ठाणेकराला या भिंतीच्या आत हुतात्मे दिसतात, आणि ते योग्यच आहे. सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ किंवा नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली साने गुरुजींची ‘श्यामची आई’ यांनी तुरुंग मराठी वाङ्मयात आणला तो राजबंद्याच्या वाटेने. राजबंद्याला सुधारायचे नसते. तो सुधारलेलाच असतो, चूक असते ती सरकारची. पाकीट मारणारा, मारामारीत सापडलेला, कर्जापायी अपहार केलेला साधा कैदी या लेखनात शेजारच्या कोठडीतले पात्र म्हणून येतो. त्याचे घर आपण पाहिलेले नाही.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो नेमका परिवीक्षेच्या कुळातला आहे. १९३९च्या सुमारास औंध संस्थानात, पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने आणि मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रिडमन या अभियंत्याच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंत नाही, शेती करायची, कुटुंबासह राहायचे. त्याच मुलखात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे ही कल्पना कथेत घेतली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट केला. बर्लिनला त्याचा गौरव झाला. आजही सुधारणेचा विषय निघाला, की सुशिक्षित मराठी माणसाला तोच आठवतो.

चित्रपट थोर आहे, पण त्याने एक समजूत रुजवली. तिथे सहा खुन्यांना माणसात आणतात ते जेलर आदिनाथचे दोन डोळे. पळून जाऊ पाहणारे कैदी त्या डोळ्यांच्या धाकाने आणि मायेने परत येतात. आदिनाथ शेवटी प्राण देतो. म्हणजे सुधारणा ही एका संताची तपश्चर्या ठरते. संत मिळाला तर चमत्कार, नाही तर तुरुंग आहेच. जवळपास त्याच वर्षी, १९३८ साली, मुंबई प्रांताने केलेल्या कायद्याची कल्पना वेगळी होती: हे काम पगारी, सामान्य, कंटाळणाऱ्या माणसाला करता यावे, यासाठी त्याला पद द्यावे, पद्धत द्यावी. वसाहतीला चित्रपट लाभला. कायद्याच्या वाट्याला छापील नमुने आले.

दुसरे उदाहरण उलट टोकाचे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. त्या खोट्या खटल्यात लीला बेणारेविरुद्ध जे साक्षीपुरावे होतात, ते गुन्ह्याबद्दल फारसे नसतातच. ती कुठे दिसली, कोणाच्या घरी होती, लग्न का झाले नाही, कोणाशी कशी बोलते, हे सगळे सहकारी आणि परिचित सांगत जातात. परिवीक्षा अधिकारी नेमकी हीच सामग्री गोळा करतो: घर, शेजार, नोकरी, संबंध. ‘शांतता!’ हा एका परीने उलटा केलेला चौकशी अहवाल आहे. तिथे माहिती समजून घेण्यासाठी गोळा होत नाही, कोंडीत पकडण्यासाठी होते. तिथे ती चारचौघांत उधळली जाते. १९५८च्या कायद्याचे कलम ७ अहवाल गोपनीय ठेवायला सांगते. माणसाचे खासगी आयुष्य न्यायासनापुढे आणणे ही दुधारी गोष्ट आहे, हे तेंडुलकरांनी दाखवले. परिवीक्षेचा कायदा त्या पात्याची एक बाजू बोथट करू पाहतो.

तिसरे उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाचे. त्यातला कॅमेरा न्यायालय सुटल्यावर वकिलाच्या, सरकारी वकील बाईंच्या आणि शेवटी न्यायाधीशाच्या मागे त्यांच्या घरगुती आयुष्यात जातो. ही गृहचौकशीच आहे, फक्त ती न्याय करणाऱ्यांची आहे. कोणाच्या घरी काय बोलले जाते, यावरून न्यायालयात काय होते ते आपल्याला उमगू लागते. हेच पाऊल आरोपीच्या घराकडे टाकावे, असे कायदा सांगतो. ते पाऊल टाकणारा अधिकारी मात्र या तिन्ही कलाकृतींत नाही.

छापील नमुन्यातले घर

अहवाल गोपनीय असले, तरी त्यांचा साचा गोपनीय नाही. २०१६ साली केंद्राने बाल न्याय कायद्याखाली आदर्श नियम काढले, २०१८ साली महाराष्ट्राने आपले नियम केले. विधिसंघर्षग्रस्त बालकाच्या सामाजिक तपासणी अहवालाचा नमुना केंद्राच्या नियमांना जोडलेला आहे, तो सहावा. राजपत्रातून कोणालाही वाचता येतो. प्रौढांच्या बाबतीत कायदा वेगळा असला, तरी विचारपूस याच वळणाने जाते.

नमुना मन लावून वाचण्यासारखा आहे. कुटुंबातल्या माणसांचा तक्ता आहे. आईवडिलांचे संबंध सलोख्याचे, बिनसलोख्याचे की माहीत नाही, यावर खूण करायची आहे. सवयींच्या यादीत एकीकडे धूम्रपान, दारू, जुगार; दुसरीकडे दूरदर्शन पाहणे, खेळणे, पुस्तके वाचणे, चित्रकला. मित्र शिकलेले की अशिक्षित, वयाने मोठे की लहान, व्यसनी की गुन्हेगारी पार्श्वभूमीचे. गुन्ह्याच्या कारणांत पालकांचे दुर्लक्ष, पालकांचे अतिलाड, मित्रांचा प्रभाव. शेवटी अधिकाऱ्याने आपले विश्लेषण आणि शिफारस लिहायची.

ज्याने हा नमुना केला, त्याने हेतू चांगला ठेवला होता. काही सुटू नये म्हणून यादी केली. पण खूण करायच्या चौकटीचा स्वभाव असा, की ती प्रश्नाआधी उत्तर ठरवते. ‘पालकांचे दुर्लक्ष’ ही चौकट समोर असली, की डोंबिवलीच्या बाईंचे ‘मी तर दिवसभर कामाला’ हे वाक्य आपोआप तिच्यात जाऊन पडते. दिवा, कोपर, ठाकुर्ली, शहाड, टिटवाळा या पट्ट्यात ज्याचे पालक दिवसाचे बारा-चौदा तास घराबाहेर नसतात, असे घर किती? इथे घर आणि काम यांच्यामध्ये रेल्वे आहे. दुर्लक्ष हा शब्द ज्या जगातून आला, तिथे घरी असणे ही पालकाच्या इच्छेची बाब असावी. इथे ती वेळापत्रकाची आहे.

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून एकाच घराबद्दलचे दोन परिच्छेद मी स्वतः रचून देतो. पहिला असा: आई कामानिमित्त दिवसभर बाहेर असते, घरची परिस्थिती हलाखीची आहे, मुलाकडे लक्ष देणारे कोणी नाही, वाईट संगतीमुळे तो गुन्ह्याकडे वळला. दुसरा असा: आई पहाटे पाचला निघते आणि रात्री आठला येते, निघण्याआधी मुलाचे जेवण करून ठेवते, शाळेत पालकसभा होती त्या दिवशी तिने मजुरी बुडवली, दुपारी शेजारच्या आजी त्याला हाक मारून जेवला का विचारतात, दहावीनंतर आठ महिने तो घरी बसून होता, या आठ महिन्यांतच त्याची त्या दोन मुलांशी ओळख झाली.

दोन्ही परिच्छेद खरे आहेत. पहिल्यात चार वाक्प्रचार आहेत. ते कोणत्याही मुलाच्या कागदावर बसतील. दुसऱ्यात काय करायचे ते दिसते: मुलाला आठ महिन्यांच्या रिकामपणातून बाहेर काढा, आयटीआयला किंवा कामाला लावा, आजींना देखरेखीत धरा. पहिला परिच्छेद वाचून न्यायाधीशाला हे घर धोक्याचे वाटेल. दुसरा वाचून घरात काय शिल्लक आहे ते कळेल. कायद्याचे कलम १४ परिवीक्षा अधिकाऱ्याला चौकशी, देखरेख आणि मदत अशी तिन्ही कामे सांगते. पहिल्या परिच्छेदातून मदतीचा रस्ता निघत नाही.

दुसऱ्या पद्धतीने लिहिणे म्हणजे गोड लिहिणे नव्हे. बाप मारत असेल, घरातच चोरीचा माल विकला जात असेल, तर तेही तारीख-वेळेसह लिहावे लागेल, आणि मग मुलाला त्या घरी पाठवू नका ही शिफारसही तितकीच पक्की होईल. ‘हलाखीची परिस्थिती’ या शब्दांनी दोन्ही घरे सारखी दिसतात, ही खरी अडचण आहे.

रजेच्या अर्जावरची ओळ

शिक्षा झालेल्या कैद्याच्या रजेबाबत लिहिणारा माणूस बदलतो. संचित व अभिवचन रजेच्या नियमांनुसार कैद्याच्या गावच्या पोलिसांकडून अहवाल मागवला जातो. रजा नाकारण्याचे नियमातलेच एक कारण म्हणजे सार्वजनिक शांततेला बाधा. त्यामुळे ‘अर्जदार बाहेर आल्यास शांतताभंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही’ अशा वळणाची ओळ लिहायला फार सोपी जाते. तिच्यात कर्ता नाही, घटना नाही, तारीख नाही. मुंबई उच्च न्यायालयाने अशा मोघम कारणांवर वेळोवेळी बोट ठेवलेले आहे. तरी ती ओळ टिकून आहे, कारण ती लिहिणाऱ्याला सुरक्षित ठेवते. सोडू नका म्हणणाऱ्याला पुढे कोणी जाब विचारत नाही. सोडा म्हणणाऱ्याच्या नावावर कैद्याचे प्रत्येक पुढचे वर्तन जमा होते.

सर्वसामान्य वाचकापर्यंत हे शब्द पोचले तेही अशाच प्रसंगातून. येरवड्यात शिक्षा भोगणाऱ्या संजय दत्त यांच्या रजांवरून २०१३-१४मध्ये गदारोळ झाला आणि पॅरोल म्हणजे बड्यांची सवलत, असे समीकरण बसले. आधारवाडीतल्या कैद्याची आई वारल्यावर त्याला मिळालेली किंवा न मिळालेली रजा बातमी होत नाही.

याउलट एक चांगले उदाहरण करोनाच्या काळातले आहे. मे २०२०मध्ये महाराष्ट्राने नियमांत दुरुस्ती करून आपत्कालीन अभिवचन रजा आणली. सात वर्षांपेक्षा अधिक शिक्षा झालेल्यांसाठी त्यात एक निकष होता: मागच्या दोन वेळी रजेवरून कैदी वेळेवर परतला होता का? हा प्रश्न घटनेचा आहे. त्याचे उत्तर तुरुंगाच्या नोंदवहीत हो किंवा नाही असे मिळते. शेजाऱ्यांचे मत, घरची हलाखी, पोलिसांची शंका यांची गरज पडत नाही. ‘दिलेला शब्द’ हा पॅरोलचा मूळ अर्थ या एका निकषात शिल्लक राहिला, असे मला वाटते.

वय आणि तारीख

अहवालाच्या भाषेबरोबर त्याची वेळही महत्त्वाची आहे. अठरा वर्षांखालील मुलाचे वय गुन्हा घडला त्या दिवशीचे धरतात. कलम ६मधल्या एकवीस वर्षांची गोष्ट वेगळी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रामजी मिसर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की खालचे न्यायालय ज्या दिवशी दोषी ठरवून शिक्षेचा विचार करते, त्या दिवशीचे वय पाहायचे. याचा व्यवहारातला अर्थ असा: एकोणिसाव्या वर्षी मारामारीत पकडलेला कल्याणचा मुलगा, खटला पाच वर्षे चालला, तर चोविसाव्या वर्षी दोषी ठरतो आणि कलम ६च्या कवचातून बाहेर पडलेला असतो. तारखा त्याने मागितलेल्या नसतात. कलम ४ त्याला अजूनही लागू असते, पण तिथे न्यायालयाची मर्जी आहे. कलम ६सारखे बंधन नाही.

आणि तो ही पाच वर्षे कुठे असतो? देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे आहेत. ठाणे कारागृहाची मंजूर क्षमता ११०५ आणि कल्याणच्या आधारवाडीची ५४० अशी सांगितली जाते. प्रत्यक्षात अलीकडच्या वर्षांत दोन्हीकडे तिपटी-चौपटीने माणसे राहिली आहेत. जामीन न परवडलेला मुलगा परिवीक्षेचा विचार होण्याआधीच तुरुंग भोगून झालेला असतो. ज्या संसर्गापासून त्याला वाचवायचे म्हणून १९५८चा कायदा केला, तो त्याला निकालाआधीच लागलेला असतो.

१९८१च्या वेदप्रकाश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की वकिलांनी मदत केली नाही तरी शिक्षेपूर्वी आरोपीची माहिती गोळा करण्याचे कर्तव्य न्यायालयाचेच आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम ४०१ आणि ४०२मध्ये, परिवीक्षा आहे आणि ती न दिल्यास विशेष कारणे लिहिण्याचे बंधन आहे. शिवाय जुलै २०२४पासून समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली आहे. तिच्यावर लक्ष कोणी ठेवायचे, याबद्दल संहिता गप्प आहे. पुन्हा तोच प्रश्न: लक्ष कोण देतं?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप फिर्यादीच्या बाजूने येईल. ज्याचा मोबाइल गेला, ज्याचे डोके फुटले, त्याचे काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो पूरकच आहे. कलम ५ भरपाईची सोय करते. तुरुंगात गेलेला मुलगा भरपाई देऊ शकत नाही. कामावर असलेला हप्त्याने देऊ शकतो. पण त्यासाठी अहवालात त्याची कमाई, घरखर्च आणि देण्याची तयारी यांचे आकडे हवेत. ‘परिस्थिती बेताची’ असे लिहिल्याने फिर्यादीलाही काही मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्याच्या बाजूने, आणि तो अधिक जड आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्हा तलासरीपासून मुरबाडपर्यंत पसरलेला होता. आजही भिवंडी, उल्हासनगर, कल्याण, मुंब्रा एवढ्या वस्तीत मोजक्या माणसांनी घरोघर जायचे आहे. परिवीक्षा महिला व बाल विकास खात्याकडे, तुरुंग आणि पोलीस गृहखात्याकडे. तीन कार्यालयांचे कागद एकमेकांना भेटत नाहीत. पंधरा मिनिटांच्या भेटीत हकीकत कशी मिळावी? खरे आहे. म्हणूनच हा लेख कोणा अधिकाऱ्याची भाषा काढण्यासाठी लिहिलेला नाही. घाईत असलेला माणूस तयार शब्द वापरतो. आपण लेखकही तेच करतो. माझे म्हणणे एवढेच, की त्याच पंधरा मिनिटांत ‘लक्ष कोण देतं?’ याऐवजी ‘दुपारी तो कुठे जेवतो?’ असे विचारता येते. पहिल्या प्रश्नाला आई कबुली देते. दुसऱ्याला ती माहिती देते.

करता येण्यासारखे

कायद्यातल्या दोन जागा सहसा वापरल्या जात नाहीत, त्यांची आठवण करून देऊन थांबतो.

पहिली कलम १३ची. परिवीक्षा अधिकारी शासनाने नेमलेला किंवा मान्यताप्राप्त संस्थेने दिलेला असतो. पण विशेष परिस्थितीत न्यायालयाला योग्य वाटेल अशी अन्य व्यक्तीही ते काम करू शकते. बोस्टनच्या बूटवाल्यासाठी कायद्याने एक खुर्ची राखून ठेवली आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९०पासून कैद्यांमध्ये काम करतो आहे आणि त्याचे कार्यकर्ते मुंबई परिसरातल्या तुरुंगांत जात आले आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. २०१७ साली डोंबिवलीत साहित्य संमेलन भरले. ऐकून घेऊन नेमके लिहिता येणारी, निवृत्तीनंतर हाताशी वेळ असलेली माणसे या शहरांत कमी नाहीत.

दुसरी जागा कलम ७ची. अहवाल गोपनीय असला, तरी त्यातला सारांश आरोपीला सांगण्याची आणि त्यावर पुरावा देण्याची संधी न्यायालय देऊ शकते. बाल न्याय कायद्याच्या कलम ९९मध्ये हाच अधिकार मंडळाला आहे, आणि तिथे पालकांचाही उल्लेख आहे. ही संधी मागावी लागते. ती मागितली असती, तर आमच्या मागच्या चाळीतल्या बाईंना आपले वाक्य कागदावर काय होऊन गेले ते ऐकता आले असते. दुपारी कोण हाक मारते, पालकसभेच्या दिवशी त्या कुठे होत्या, हे त्यांना तिथेच सांगता आले असते.

माझं चुकलं का, असे त्यांनी विचारले होते. उत्तर द्यायला मला इतकी वर्षे लागली. त्या आता डोंबिवलीत राहत नाहीत. चूक त्यांची नव्हती. त्यांनी विचारले तेवढ्याचे खरे उत्तर दिले होते.